शोध ही आईची जबाबदारी नाही

३० जून २०२५ रोजी दिल्लीच्या राऊझ अव्हेन्यू न्यायालयाने सीबीआयचा अहवाल स्वीकारला आणि नजीब अहमदचा तपास अधिकृतपणे बंद झाला. नजीब जवाहरलाल नेहरू विद्यापीठात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला होता, मूळचा उत्तर प्रदेशातल्या बदायूंचा. १५ ऑक्टोबर २०१६ रोजी तो विद्यापीठाच्या माही-मांडवी वसतिगृहातून नाहीसा झाला. पुढे पोलीस, विशेष तपास पथक, उच्च न्यायालय आणि सीबीआय अशा सगळ्या पायऱ्या चढून झाल्या. तो जिवंत आहे की नाही, कॅम्पसमधून स्वतःहून गेला की कुणी नेला, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आज देशातल्या कुठल्याही यंत्रणेकडे नाही.

न्यायालयाने दार कायमचं लावलेलं नाही. नवी विश्वासार्ह माहिती मिळाली तर तपास पुन्हा सुरू करण्याची मुभा सीबीआयला आहे. कायद्याच्या चौकटीत हे रास्तच आहे. पण या मुभेचा व्यवहारातला अर्थ काय होतो ते पाहिलं पाहिजे. यंत्रणा शोधायची थांबली की नवी माहिती आणायची कुणी? उरतात त्याची आई, फातिमा नफीस. आठ-साडेआठ वर्षं ज्या बाईने मोर्चे काढले, याचिका केल्या, पोलीस मुख्यालयाच्या आणि सीबीआयच्या दारात ठाण मांडलं, तिच्याच खांद्यावर शोधाचं उरलेलं ओझंही आता येऊन पडलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही वाटणी चुकीची आहे. माणूस नाहीसा झाला की त्याला शोधण्याचं कर्तव्य राज्याचं असतं, आणि तो विद्यापीठाच्या वसतिगृहातून नाहीसा झाला असेल तर विद्यापीठाचंही. गुन्हेगार सापडला नाही, पुरावा अपुरा पडला, तरी या कर्तव्याची मुदत संपत नाही. आपल्या कायद्यात मात्र ते खटल्याला बांधलेलं आहे. खटला उभा राहत नाही म्हटलं की शोधही संपतो. या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायला हव्यात.

आधी नजीबच्या प्रकरणात काय घडलं ते पाहू. १४ ऑक्टोबरच्या रात्री वसतिगृहात मेस समितीच्या निवडणुकीचा प्रचार चालू असताना नजीबची आणि अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेशी संबंधित काही विद्यार्थ्यांची मारामारी झाली. रात्रीच घरी फोन गेला. आई बदायूंहून निघाली, दुसऱ्या दिवशी दुपारी वसतिगृहात पोचली, तेव्हा नजीब खोलीत नव्हता. त्याचा फोन खोलीतच होता. पोलिसांनी अपहरणाच्या कलमाखाली गुन्हा नोंदवला. तपास हलत नाही म्हणून विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना प्रशासकीय इमारतीत वीस तासांहून अधिक काळ घेराव घातला. केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सूचनेवरून विशेष तपास पथक नेमलं गेलं. माहिती देणाऱ्यासाठीचं बक्षीस पन्नास हजारांपासून वाढत दहा लाखांवर गेलं.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आईने दिल्ली उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची याचिका दाखल केली. डिसेंबरमध्ये, न्यायालयाने विचारणा केल्यावर, शेकडो पोलिसांनी श्वानपथकं घेऊन जेएनयूचा विस्तीर्ण, झाडीने भरलेला परिसर पिंजून काढला. मुलगा ज्या आवारातून नाहीसा झाला, ते आवार पूर्णपणे तपासायला दोन महिने लागले, आणि तेही न्यायालयाने टोकल्यावर. १६ मे २०१७ रोजी तपास सीबीआयकडे गेला. ८ ऑक्टोबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाने याचिका निकाली काढली आणि सीबीआयला तपास बंद करण्याचा अहवाल दाखल करण्याची वाट मोकळी झाली. सीबीआय राजकीय दबावाखाली आहे हा आईच्या वकिलांचा आरोप न्यायालयाला पटला नाही. ज्या विद्यार्थ्यांवर संशय होता त्यांचा आणि नजीबच्या नाहीसं होण्याचा संबंध जोडणारा पुरावा सीबीआयला मिळाला नाही, आणि विद्यार्थी परिषदेने आरोप पहिल्यापासून नाकारले होते.

या घटनाक्रमावरून मी कुणाला गुन्हेगार ठरवत नाही. पुरावा नसताना कुणाच्या मुलावर अपहरणाचा किंवा खुनाचा शिक्का मारणं, हा दुसऱ्या आईवर अन्याय होईल. पण आरोप सिद्ध झाला नाही, ही गोष्ट आरोपींपुरती उत्तर आहे. नजीब कुठे आहे, या प्रश्नाचं ते उत्तर नाही. आपली व्यवस्था पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचंही दिलं असं मानून चालते. माझा आक्षेप या मानण्याला आहे.

हेबिअस कॉर्पस या हत्याराची मर्यादाही इथे दिसते. कुणी माणसाला बेकायदा डांबून ठेवलं असेल तर त्याला न्यायालयासमोर हजर करा, असं सांगण्याचा हा अधिकार. त्याला समोर कुणीतरी धरून ठेवणारा लागतो. कुणी धरून ठेवलं आहे हेच माहीत नसेल, तर न्यायालय पोलिसांना तपासाचा हिशेब द्यायला लावू शकतं, तंबी देऊ शकतं, यंत्रणा बदलू शकतं. त्यापलीकडे त्याचा हात पोचत नाही. शोध घेण्यासाठी बनवलेला दुसरा कुठलाही स्वतंत्र कायदेशीर मार्ग नसल्यामुळेच आई-वडील या हत्याराकडे वळतात.

हे हत्यार पूर्ण ताकदीने चाललं तर काय होतं, हे याच देशात एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात दिसलं आहे. आणीबाणीत, २८ फेब्रुवारी १९७६ रोजी केरळमधल्या कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. त्यानंतर, १ मार्चच्या पहाटे, कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजचा राजन हा विद्यार्थी पोलिसांनी उचलला. त्याला कक्कयम इथल्या छावणीत नेण्यात आलं, जिथे क्राइम ब्रँचचे अधिकारी जयराम पडिक्कल यांच्या देखरेखीखाली चौकशीच्या नावाने छळ चालत होता. राजनचे वडील टी. व्ही. ईचर वारियर हे निवृत्त हिंदी प्राध्यापक. मुलासाठी ते अधिकाऱ्यांकडे गेले, मंत्र्यांकडे गेले, दिल्लीपर्यंत पत्रं पाठवली. कुठेच उत्तर मिळालं नाही.

त्या काळात न्यायालयाचा दरवाजाही बंद होता. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत अटकेविरुद्ध हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. बहुमतातल्या चौघांत महाराष्ट्राचे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या अधिकाराच्या निकालात तो जुना निर्णय चुकीचा होता असं लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. महाराष्ट्राने या दोन्ही निकालांची आठवण एकत्र ठेवायला हवी. नागरिकाचं नाहीसं होणं न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलं की काय होतं, याचा तो आपल्याच घरातला धडा आहे. जबलपूर निकालाच्या वेळी राजनला उचलून दोन महिने होत आले होते, आणि तो कुठे आहे हे त्याच्या वडिलांना कुठल्याही न्यायालयाला विचारता येणार नव्हतं.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि वारियर लगेच केरळ उच्च न्यायालयात गेले. सरकारचं उत्तर होतं की राजनला अटक झालीच नव्हती. न्यायमूर्ती पी. सुब्रमण्यन पोट्टी आणि न्यायमूर्ती व्ही. खालिद यांनी ते मान्य केलं नाही आणि १३ एप्रिल १९७७ रोजी राजनला हजर करण्याचा आदेश दिला. आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन आता मुख्यमंत्री झाले होते. महिनाभरातच त्यांना पद सोडावं लागलं. त्यानंतरच राजन पोलीस कोठडीत मरण पावल्याचं सरकारला कबूल करावं लागलं. मृतदेह मात्र आजवर सापडलेला नाही. काही अधिकाऱ्यांना कोइंबतूरच्या न्यायालयाने बेकायदा कैदेसाठी शिक्षा दिली, ती अपिलात टिकली नाही. खुनाबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

इतकं असूनही राजन प्रकरण न्यायालयात उभं कसं राहिलं? मला याचं उत्तर निर्णायक वाटतं. कॉलेजचे प्राचार्य बहाउद्दीन यांनी वारियर यांना रजिस्टर्ड पत्र पाठवून मुलाला पोलिसांनी नेल्याचं कळवलं होतं. आणीबाणीच्या दिवसांत, पोलिसांच्या कृत्याबद्दल, एका सरकारी शिक्षणसंस्थेच्या प्रमुखाने तारखेसह कागद तयार केला. पुढे प्राचार्यांनी आणि कॉलेजमधल्या इतरांनी न्यायालयात साक्षी दिल्या. सरकारचा नकार ज्या पुराव्यापुढे कोसळला, तो पुरावा कॅम्पसने राखून ठेवला होता. कॉलेजने हात झटकले असते तर एका बापाचा शब्द आणि सरकारचा शब्द एवढंच न्यायालयासमोर राहिलं असतं.

याच्या शेजारी जेएनयूची ती रात्र ठेवून पाहा. मारामारी झाली हे वसतिगृहातल्या जबाबदार माणसांना त्याच रात्री माहीत होतं. नजीबला सफदरजंग रुग्णालयात नेल्याचं सांगितलं गेलं, पण त्याच्या तपासणीची कागदोपत्री नोंद सीबीआयला मिळाली नाही. जखमा कुठे होत्या, किती होत्या, डोक्याला मार होता का, त्याची मनःस्थिती कशी होती, हे टिपून ठेवणारा एक कागद असता तर तपासाच्या दिशा वेगळ्या झाल्या असत्या. तो घाबरून पळाला असेल, गोंधळलेल्या अवस्थेत भटकला असेल, किंवा कुणी त्याला इजा केली असेल, यातली कुठली शक्यता अधिक, हे ठरवायला पहिल्या बारा तासांतल्या नोंदी लागतात. नंतर कितीही मोठी यंत्रणा आणली तरी ते तास परत मिळत नाहीत. दिल्ली पोलिसांनी किंवा सीबीआयने काय केलं यावर खूप चर्चा झाली. त्यापूर्वीच्या रात्री विद्यापीठाने काय केलं, या प्रश्नावर तितकी झाली नाही.

विद्यार्थ्याच्या नाहीसं होण्याने जगाच्या कायद्यात एक मोठं पाऊल टाकलं गेलं आहे, आणि ते आपल्याकडे पोचायला हवं. १२ सप्टेंबर १९८१ रोजी होंडुरास देशाच्या राजधानीत, तेगुसिगाल्पा शहरात, राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा विद्यार्थी मान्फ्रेदो वेलास्केझ याला लष्कराशी जोडलेल्या माणसांनी वॉरंटशिवाय पकडून नेलं. तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या कुटुंबाने दाद मागितली. बहीण झेनाइदा साक्षीला उभी राहिली. २९ जुलै १९८८ रोजी आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने होंडुरास सरकारला जबाबदार धरलं.

त्या निकालातल्या तीन गोष्टी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की माणूस नाहीसा करण्याच्या गुन्ह्यात पुरावा पुसणं हाच गुन्ह्याचा गाभा असतो. त्यामुळे मृतदेह आणा, प्रत्यक्षदर्शी आणा, मगच बोला, असं कुटुंबाला सांगणं म्हणजे गुन्ह्याच्या यशाचं बक्षीस गुन्हेगाराला देणं. परिस्थितीजन्य पुरावाही ऐकला पाहिजे. दुसरी अशी की गुन्हा खासगी माणसांनी केला असला तरी त्याचा गंभीरपणे तपास करायला राज्य बांधील आहे. तो तपास राज्याने स्वतःचं कर्तव्य म्हणून करायचा असतो, कुटुंबाच्या धडपडीवर किंवा त्यांनी आणलेल्या पुराव्यावर तो अवलंबून ठेवायचा नसतो. तिसरी अशी की नाहीसा झालेल्या माणसाचं काय झालं हे कळेपर्यंत तपासाचं कर्तव्य चालू राहतं, आरोपींना शिक्षा करणं कायद्याने अशक्य झालं तरीसुद्धा. म्हणजे शिक्षा आणि शोध या दोन वाटा त्या न्यायालयाने १९८८ मध्येच वेगळ्या केल्या.

हाच विचार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या करारात आला. सक्तीने नाहीसं करण्यापासून सर्व व्यक्तींचं संरक्षण करणारा हा आंतरराष्ट्रीय करार डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झाला आणि २०१० मध्ये अमलात आला. कुटुंबाला सत्य जाणून घेण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. राज्याच्या सहभागाशिवाय खासगी माणसांनी केलेल्या अशा कृत्यांचाही तपास करायला तो राज्यांना सांगतो. भारताने फेब्रुवारी २००७ मध्ये या करारावर सही केली. त्याला आपल्या कायद्यात उतरवण्याची पुढची पायरी, अनुसमर्थन, आजही बाकी आहे. माणूस सक्तीने नाहीसा करणं हा आपल्या फौजदारी कायद्यात वेगळा गुन्हा नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आलेला नाही. इतका मोठा कायदा नव्याने लिहिताना ही संधी हातची गेली.

आता सामान्य प्रकरणांकडे येऊ. भारतात दरवर्षी बेपत्ता म्हणून नोंदवलेल्या माणसांची संख्या लाखांत असते, आणि सर्वाधिक नोंदी असलेल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र आहे. पोलीस ठाण्यात गेलेल्या आई-वडिलांना जे ऐकायला मिळतं ते बहुतेकांना पाठ आहे. मुलगा सज्ञान आहे, मित्राकडे गेला असेल, चोवीस तास वाट बघा, मग मिसिंग दाखल करू. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सांगितलं की बेपत्ता मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवलाच पाहिजे. हा फार मोलाचा आदेश आहे. पण तो अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. विद्यापीठात गेलेला मुलगा किंवा मुलगी सहसा त्या रेषेच्या पलीकडे असते. शाळेतला मुलगा नाहीसा झाला तर गुन्हा नोंदवला जातो, आणि तोच मुलगा दोन वर्षांनी वसतिगृहातून नाहीसा झाला तर डायरीत एक नोंद होते. घरापासून दूर, नव्या शहरात, परीक्षेच्या, पैशांच्या, जातीच्या, धर्माच्या, भाषेच्या ताणाखाली असलेलं हे वय सगळ्यात असुरक्षित असतं, आणि नेमकं तिथेच कायद्याचं कवच गळून पडतं.

पुण्यात सदाशिव पेठेत, शनिवार पेठेत एमपीएससी-यूपीएससीची तयारी करणारी हजारो मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात. त्यांना विद्यापीठ नाही, रेक्टर नाही, प्रॉक्टर नाही. असते ती फक्त घरमालकाची आणि अभ्यासिकेची ओळख. त्यांच्यातलं कुणी चार दिवस दिसलं नाही तर त्याची दखल घेण्याची जबाबदारी कागदावर कुणाचीच नसते. गावाकडून येणाऱ्या फोनला उत्तर मिळालं नाही, एवढ्यावरच नाहीसं झाल्याचा शोध सुरू होतो, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो.

इथे दोन गंभीर आक्षेप येतात आणि दोन्हींना उत्तर दिलं पाहिजे. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. सज्ञान माणसाला घर सोडण्याचा, आई-वडिलांपासून दूर जाण्याचा, संपर्क तोडण्याचा अधिकार आहे. लग्नाच्या निर्णयावरून मुलींना घरच्यांपासून पळावं लागतं अशा समाजात हा अधिकार जपणं जिवावरचं काम आहे. शोधाचं कर्तव्य वाढवलं तर पोलीस त्याच मुलींना घरी ओढून आणतील, ही भीती खोटी नाही. पण शोध लागणं आणि घरी आणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सज्ञान व्यक्ती सापडली, ती सुरक्षित आहे आणि तिला परतायचं नाही, एवढं कुटुंबाला कळवून ठिकाण गुप्त ठेवता येतं. कायद्याने पोलिसांना तसं बंधन घालता येतं. स्वेच्छेने गेलेल्या माणसाचं स्वातंत्र्य आणि नेल्या गेलेल्या माणसाचा जीव, दोन्ही वाचवायचे असतील तर कोण कुठल्या कारणाने गेलं हे आधी शोधावंच लागतं. न शोधता स्वेच्छा गृहीत धरणं हे स्वातंत्र्याचं रक्षण नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. पोलीस कमी, प्रकरणं लाखो, एकाच प्रकरणावर किती वर्षं माणसं खर्चायची? हा आक्षेप प्रामाणिक आहे. म्हणून मी सक्रिय तपास अनंत काळ चालवा असं म्हणत नाही. बंद झालेल्या प्रकरणातही काही कामं थोड्या खर्चात चालू ठेवता येतात. कुटुंबाचा डीएनए नमुना जपणं, देशभर दरवर्षी सापडणाऱ्या हजारो अनोळखी मृतदेहांशी तो ताडून पाहणं, इस्पितळं आणि मनोरुग्णालयांत दाखल अनोळखी रुग्णांच्या याद्या पुन्हा तपासणं, ठराविक काळाने दंडाधिकाऱ्यासमोर आढावा देणं. २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या डीएनए विधेयकात बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह यांच्यासाठी वेगळ्या सूची प्रस्तावित होत्या. त्या विधेयकात गुन्हेगारांच्या नोंदींबद्दल आणि खासगीपणाबद्दल रास्त शंका होत्या, आणि २०२३ मध्ये ते मागे घेतलं गेलं. पण शंकास्पद भागाबरोबर हा उपयोगी भागही बुडाला. फक्त बेपत्ता आणि अनोळखी मृतांपुरता, कुटुंबाच्या संमतीने चालणारा छोटा कायदा आजही करता येईल.

कुटुंबाच्या दृष्टीने आणखी एक गाठ आहे. सात वर्षं ज्याची खबर नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो. जुन्या पुरावा कायद्यातलं १०८ वं कलम आता भारतीय साक्ष अधिनियमात १११ वं आहे. वारसा, विमा, बँक खातं यासाठी ही सोय आवश्यक आहे. पण त्यासाठी आईला स्वतः न्यायालयात जाऊन आपला मुलगा मेला असं मानावं अशी मागणी करावी लागते, आणि दुसऱ्या हाताने शोध चालू ठेवा असंही म्हणावं लागतं. अर्जेंटिनात लष्करी राजवटीत हजारो माणसं नाहीशी झाली, त्यात विद्यार्थी फार मोठ्या संख्येने होते. तिथल्या आयांनी मुलांना मृत घोषित करायला नकार दिला. शेवटी १९९४ मध्ये तिथे कायदा झाला, आणि माणूस मेला असं न मानता, सक्तीने नाहीसं केल्यामुळे गैरहजर अशी वेगळी कायदेशीर अवस्था निर्माण झाली. कुटुंबाचे व्यवहार सुटले आणि राज्याची जबाबदारीही संपली नाही. आपल्याला ही वाट हवी.

नजीबच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट झाली ती मला विशेष लागते. तो माणूस राहिला नाही, मुद्दा झाला. एका बाजूने त्याच्या फोटोचे फलक झाले, दुसऱ्या बाजूने त्याच्याबद्दल अफवा पिकल्या. दहशतवादी संघटनेशी त्याचा संबंध असल्याच्या बातम्या पसरल्या, आणि दिल्ली पोलिसांनाच त्या नाकाराव्या लागल्या. तो मुसलमान होता म्हणून अफवेला पटकन माती मिळाली, हे मान्य केल्याशिवाय या प्रकरणाचं प्रामाणिक वाचन होत नाही. अफवेचा परिणाम फक्त बदनामीपुरता राहत नाही. तो शोध थंड करतो. ज्याला लोक गुन्हेगार समजू लागतात, त्याला पाहिल्याची खबर द्यायला कुणी पुढे येत नाही, आणि तो सापडावा अशी लोकांची इच्छाच विरत जाते. राजनलाही आधी नक्षलवादी ठरवलं गेलं होतं. माणसाचं नाव आणि मत काहीही असो, तो कुठे आहे हा प्रश्न त्याच्या नावाने हलका होता कामा नये.

यावर उपाय स्वप्नातले नाहीत. आपल्याकडे नमुना आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या टांडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये मारहाण होऊन मरण पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले आणि रॅगिंगची माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत तक्रार देण्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर टाकली. महाराष्ट्राने तर १९९९ मध्येच रॅगिंगविरोधी कायदा केला होता. या नियमांनी रॅगिंग संपलं नाही. पण प्राचार्य आणि कुलगुरू यांना मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही.

तसाच नियम नाहीसं होण्यासाठी हवा. वसतिगृहात हाणामारी झाली, धमकी आली किंवा विद्यार्थी ठराविक वेळेत परतला नाही, तर रेक्टरने त्याच रात्री लेखी टिपण करावं, जखमी विद्यार्थ्याची वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवावी, सीसीटीव्हीचं चित्रण आणि प्रवेशद्वाराची नोंदवही त्या क्षणी सील करावी, आणि चोवीस तासांच्या आत कुटुंब व पोलीस दोघांना लेखी कळवावं. यात कसूर झाली तर ती त्या पदावरच्या माणसाची व्यक्तिगत कसूर धरावी. विद्यार्थी नाहीसा होण्याआधी मारहाण किंवा धमकी झालेली असेल तर वय न बघता लगेच गुन्हा नोंदवला जावा. शोधाचं काम आरोपी पकडण्याच्या कामापासून वेगळ्या अधिकाऱ्याकडे द्यावं. मेक्सिकोने २०१७ मध्ये कायदा करून शोधासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग नेमला, कारण फौजदारी तपास आणि माणसाचा शोध यांची गती वेगळी असते. तिथे नाहीशा झालेल्यांची नोंद त्यानंतरही लाखावर गेली, म्हणजे कायदा पुरेसा नाही हे खरं. पण तिथल्या आयांना आता शोध मागायला कायद्याचं कलम आहे. आपल्याकडे तेही नाही.

राजनची आई २००० साली वारली. मुलाचं काय झालं हे तिला सांगणं आपल्याला जमलं नाही, असं ईचर वारियर यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. ते स्वतः २००६ मध्ये गेले, तोवर मुलाचा मृतदेह कुठे आहे हे विचारत राहिले. एका निवृत्त प्राध्यापकाने एकट्याने एका मुख्यमंत्र्याला खाली खेचलं, याचं आपण कौतुक करतो. ते कौतुक योग्य आहे, पण त्यात आपली सुटका नाही. अशा असामान्य बापांवर किंवा फातिमा नफीस यांच्यासारख्या न थकणाऱ्या आयांवर न्याय अवलंबून ठेवणं हे व्यवस्थेचं अपयश आहे. ज्यांच्याकडे वकील नाही, दिल्लीला जायला पैसे नाहीत, मोर्चाला माणसं नाहीत, त्यांच्या मुलांचं काय?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. भारताने २००७ मध्ये सही केलेल्या कराराचं अनुसमर्थन करावं, माणूस सक्तीने नाहीसा करणं हा स्वतंत्र गुन्हा करावा, विद्यापीठांवर चोवीस तासांची बांधिलकी टाकावी, आणि तपास बंद झालेल्या प्रत्येक बेपत्ता प्रकरणाचा दरवर्षी दंडाधिकाऱ्यासमोर आढावा घेणं कायद्याने बंधनकारक करावं. नजीब अहमदच्या प्रकरणात तो पहिला आढावा घ्यायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. न्यायालयाने दिलेली मुभा आहे. ती वापरून, स्वतःहून, ठराविक काळाने शोध घेणं आणि त्याचा अहवाल आईला देणं, हे सीबीआयने स्वतःचं कर्तव्य म्हणून आजच सुरू करावं.